नकारपत्रानंतरची सुनावणी

अमेरिकेत नोकरी गेलेल्या माणसाला राज्याच्या बेरोजगारी विमा कार्यालयाकडून नकाराचे जे पत्र येते, त्याची घडण बहुतेक ठिकाणी सारखीच असते. वर नाव आणि दाव्याचा क्रमांक, खाली कायद्याच्या कलमाचा उल्लेख, मग दोन-तीन ओळींत कारण: कामावर गैरवर्तन केल्यामुळे काढले, किंवा सबळ कारण नसताना स्वतःहून नोकरी सोडली, म्हणून भत्ता मिळणार नाही. पत्र टपालात टाकल्याची तारीख आणि अपिलाची मुदतही त्यात असते, पण तिथवर लक्ष जातेच असे नाही. नोकरी नुकतीच गेलेली, घरभाडे तोंडावर आलेले. अशा वेळी वाचणाऱ्याची नजर कारणापाशीच अडकते. सरकारने चौकशी केली, दोन्ही बाजू तपासल्या आणि आपण अपात्र ठरलो, असे तो धरून चालतो आणि पत्र घडी घालून ठेवून देतो. हा समज मुळातच चुकीचा आहे, आणि त्याची किंमत ज्यांना ती परवडत नाही त्यांनाच मोजावी लागते. ज्या प्रकरणात मालक आणि कामगार यांच्या सांगण्यात तफावत आहे, तिथे ते पत्र निघेपर्यंत खरा तपास बहुधा सुरूही झालेला नसतो. दोघांना समोरासमोर ऐकण्याचे काम पहिल्यांदा होते ते अपिलाच्या सुनावणीत, आणि कायदा करणाऱ्यांनी व्यवस्था आखली तीही तशीच.

ही आखणी समजून घ्यायची तर महामंदीच्या काळात जावे लागते. विस्कॉन्सिन राज्याने १९३२ साली देशातला पहिला बेरोजगारी विमा कायदा केला. तीन वर्षांनी, १९३५च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने ही कल्पना देशभर नेली, पण एक चमत्कारिक वाटेल अशी रचना करून. विमा चालवायचा राज्यांनी, भत्ता किती आणि किती आठवडे द्यायचा तेही त्यांनीच ठरवायचे. केंद्राने मात्र कारभाराचा खर्च द्यायचा आणि त्याबदल्यात काही अटी घालायच्या. या अटी कलम ३०३ मध्ये आहेत आणि त्यांतल्या दोन इथे महत्त्वाच्या. पहिली अशी, की भत्ता देय होताच पूर्ण चुकता होईल अशी कार्यपद्धती राज्याने ठेवली पाहिजे. दुसरी अशी, की ज्याचा दावा नाकारला त्याला निष्पक्ष न्यायाधिकरणापुढे योग्य सुनावणीची संधी मिळालीच पाहिजे. या दोन अटी शेजारीशेजारी ठेवून वाचल्या की व्यवस्थेचा स्वभाव उमगतो. पैसा वेळेवर हवा म्हणून पहिला निर्णय झटपट घ्यायचा. झटपट निर्णय चुकणार हे गृहीत धरून त्यामागे सुनावणी ठेवायची. सुनावणीची हमी नसती तर कागदावर घाईने निर्णय घेण्याची मुभा कोणत्याही न्यायबुद्धीच्या माणसाला मान्य झाली नसती.

सर्वोच्च न्यायालयासमोर हा प्रश्न १९७१ साली जावा खटल्यात आला. कॅलिफोर्नियात तेव्हा असा नियम होता की कार्यालयाने भत्ता मंजूर केल्यावर मालकाने अपील केले, तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत कामगाराचा भत्ता थांबायचा. न्यायालयाने हा नियम १९३५च्या कायद्याशी विसंगत ठरवला. त्यामागचा विचार सोपा होता: बेरोजगारी भत्ता हा दोन पगारांमधली दरी भरण्यासाठी असतो, आणि ती दरी ओलांडून झाल्यावर हातात आलेला पैसा त्या कामाचा राहत नाही. म्हणजे मंजुरी मिळाली असेल तर मालकाचे अपील चालू असतानाही भत्ता चालू राहतो. नकार मिळालेल्याला मात्र असे संरक्षण नाही. त्याला निकालापर्यंत रिकाम्या हातानेच थांबावे लागते, आणि म्हणून त्याच्या बाबतीत सुनावणी लवकर होणे हाच हक्काचा गाभा ठरतो. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

पहिला निर्णय घेणारा कर्मचारी वाईट हेतूने काम करतो असे अजिबात नाही. त्याच्यापुढे दाव्यांचा ढीग असतो. कामगाराने भरलेली प्रश्नावली, मालकाकडून आलेले उत्तर, कधी एखादा फोन, एवढ्यावर त्याला मत बनवायचे असते. कोणी शपथेवर बोललेले नसते, कोणाची उलटतपासणी झालेली नसते. त्यात दोन्ही बाजूंची तयारी सारखी नसते. अमेरिकेतला हा विमा मालकांवरच्या करातून चालतो; तीन राज्यांत कामगारही थोडा वाटा भरतात, पण मुख्य भार मालकाचाच. आणि त्या कराचा दर त्या मालकाच्या पूर्वीच्या कामगारांना किती भत्ता गेला यावर कमी-जास्त होतो. याचा हेतू चांगला होता: उगाच माणसे काढणाऱ्याला जास्त कर पडावा. पण त्याचा दुसरा परिणाम असा झाला की प्रत्येक दाव्याला हरकत घेण्यात मालकाचा पैशांचा फायदा निर्माण झाला. मोठ्या कंपन्या हे काम त्यातच मुरलेल्या बाहेरच्या संस्थांकडे देतात. कोणत्या शब्दाला कायद्यात काय वजन आहे हे तिथल्या माणसांना पाठ असते. समोर असतो आयुष्यात पहिल्यांदाच हा फॉर्म भरणारा गोदामातला किंवा हॉटेलातला कामगार. ‘का काढले?’ या रकान्यात तो प्रामाणिकपणे लिहितो, ‘साहेबांशी वाद झाला’, आणि त्या तीन शब्दांवर त्याचा भत्ता अडतो.

अडतो, कारण नोकरीवरून काढणे आणि भत्त्याला अपात्र ठरणे यांतला फरक त्याला कोणी सांगितलेला नसतो. अमेरिकेत बहुतेक खासगी नोकऱ्यांत मालक जवळपास कोणत्याही कारणाने माणूस काढू शकतो. काढणे रास्त होते की नव्हते हा विमा कार्यालयापुढचा प्रश्नच नसतो. प्रश्न एवढाच, की कामगाराचे वागणे कायद्याच्या अर्थाने गैरवर्तन होते का. या शब्दाची जी व्याख्या पुढे कितीतरी राज्यांनी उचलली, ती विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४१ साली एका टॅक्सी कंपनीच्या प्रकरणात, बॉइन्टन कॅब खटल्यात, केली होती. मालकाच्या हिताची जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने केलेली पायमल्ली म्हणजे गैरवर्तन. कामात कमी पडणे, एखाद्या वेळची हयगय, सद्हेतूने घेतलेला पण चुकलेला निर्णय हे त्यात बसत नाही. म्हणजे हिशेबात वारंवार चुका करणाऱ्या माणसाला कंपनीने काढले तर कंपनीचेही बरोबर आणि भत्ता मागणाऱ्या माणसाचेही बरोबर, असे होऊ शकते. अलीकडे काही राज्यांनी व्याख्या कडक केली आहे, तरी जाणूनबुजून केले का हा प्रश्न बहुतेक ठिकाणी केंद्रस्थानी राहतो. शिवाय काढून टाकलेल्या माणसाच्या बाबतीत गैरवर्तन सिद्ध करण्याची जबाबदारी सर्वसाधारणपणे मालकावर असते. स्वतःहून राजीनामा दिलेल्याच्या बाबतीत पारडे उलटते: सबळ कारण होते हे त्यालाच दाखवावे लागते. ‘राजीनामा दे, नाहीतर काढतो’ असे सांगून घेतलेला राजीनामा कोणत्या पारड्यात टाकायचा, यावर तर असंख्य सुनावण्या होतात, आणि प्रश्नावलीतल्या एका खुणेवरून तो गुंता सुटणे शक्यच नसते.

सुनावणीत नेमके काय बदलते ते इथे दिसते. ती बहुतेक राज्यांत आता फोनवर किंवा व्हिडिओवर होते, वकील लागतोच असे नाही, आणि इंग्रजी न येणाऱ्याला दुभाषी मागता येतो. पण साक्ष शपथेवर असते, ध्वनिमुद्रण होते आणि दोन्ही बाजूंना एकमेकांना प्रश्न विचारता येतात. कंपनीतर्फे बऱ्याचदा मनुष्यबळ विभागातला कोणी बोलतो, ज्याने फाइल वाचलेली असते पण प्रसंग पाहिलेला नसतो. ‘सुपरवायझरने मला असे सांगितले’ ही ऐकीव साक्ष नोंदवून घेतली जाते, पण समोर त्या प्रसंगातला माणूस शपथेवर बोलत असेल तर तिचे वजन बरेच कमी होते. ज्याच्यावर आरोप आहे तो स्वतः प्रत्यक्ष साक्षीदार असतो, आणि कागदावर कधीही न दिसलेला हा त्याचा फायदा सुनावणीत पहिल्यांदा कामाला येतो. म्हणूनच ठरल्या वेळी फोनवर हजर न राहणे ही सर्वांत महाग चूक ठरते. तेवढीच महाग आणखी एक चूक आहे. अपील चालू असताना दर आठवड्याचा किंवा पंधरवड्याचा हजेरी-दाखला, म्हणजे मी काम शोधतो आहे आणि मिळालेले नाही असे कार्यालयाला कळवणे, चालूच ठेवावे लागते. भत्ता तर बंदच आहे, मग दाखला कशाला, असे वाटून अनेक जण तो थांबवतात आणि अपील जिंकल्यावर कळते की मधल्या आठवड्यांचे पैसे त्यामुळे अडकले. आणि पुरावा राखून ठेवण्यात काही अर्थ नसतो. वरच्या अपील मंडळापुढे साधारणपणे पहिल्या सुनावणीचीच नोंद वाचली जाते. जे तिथे मांडले नाही ते पुढे मांडायला क्वचितच वाव मिळतो. ईमेल, हजेरीपट, वैद्यकीय दाखला, सहकाऱ्याची साक्ष, सगळे पहिल्याच सुनावणीला हवे.

अशा किरकोळ वाटणाऱ्या अपिलांनी कुठवर मजल मारली आहे हे पाहिले की त्यांच्याकडे बघण्याची दृष्टी बदलते. साउथ कॅरोलायनातल्या एका कापड गिरणीतली कामगार ॲडेल शर्बर्ट हिला शनिवारी काम करायला नकार दिल्याबद्दल काढण्यात आले. तिच्या पंथात शनिवार हा विश्रांतीचा पवित्र दिवस. देऊ केलेले योग्य काम नाकारले असे म्हणून राज्याने भत्ताही नाकारला. ती एकेक पायरी चढत गेली आणि १९६३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की धर्म आणि भत्ता यांतले एक निवडायला राज्य तिला भाग पाडू शकत नाही. धर्मस्वातंत्र्यावरचा तो पुढची कितीतरी वर्षे आधारभूत राहिलेला निकाल. त्याला मर्यादा घालणारा १९९० सालचा ओरेगनचा स्मिथ निकालही बेरोजगारी भत्त्याच्याच प्रकरणातून आला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. राज्यघटनेचा अर्थ लावण्याचे एवढे मोठे प्रश्न आठवड्याला मिळणाऱ्या थोड्याशा डॉलरांच्या भांडणात दडलेले होते. नकारपत्र लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याला ते दिसणे शक्य नव्हते. दिसावे अशी अपेक्षाही नाही. ते दिसण्यासाठीच पुढच्या पायऱ्या आहेत.

पण पायऱ्या असणे आणि त्यांच्यावर पाऊल ठेवता येणे यांत अंतर असते, आणि ते किती भयंकर होऊ शकते हे मिशिगन राज्याने दाखवले. तिथे २०१३च्या ऑक्टोबरमध्ये ‘मिडास’ नावाची संगणक प्रणाली सुरू झाली. भत्ता घेणाऱ्याने सांगितलेली माहिती आणि मालकाने कळवलेले वेतन यांत तफावत दिसली की ही प्रणाली फसवणुकीचा संशय धरायची. ही तफावत अनेकदा प्रणालीनेच घडवलेली असायची: तीन महिन्यांचे वेतन ती सगळ्या आठवड्यांवर सारखे वाटून टाकायची, त्यामुळे ज्या आठवड्यात माणूस खरोखर बेकार होता त्यातही तो कमावत होता असे दिसायचे. मग प्रश्नावली जायची, आणि पुष्कळदा ती अशा ऑनलाइन खात्यात जायची जे त्या माणसाने भत्ता संपल्यानंतर कधी उघडलेच नव्हते. दहा दिवसांत उत्तर आले नाही की फसवणूक सिद्ध. मूळ रकमेची वसुली, तिच्या चौपट दंड, वर व्याज. आणि ते वसूल करण्यासाठी पगारातून कपात, कर-परताव्यावर जप्ती. अपिलाची ३० दिवसांची मुदत कायद्यात होती. ती कधी सुरू झाली आणि कधी संपली हे बहुतेकांना कळलेच नाही. सुमारे ४० हजार लोकांवर असे खोटे ठपके आले. माणसाचा हात न लागता संगणकाने दिलेले २२ हजारांवर निर्णय राज्याने नंतर स्वतः तपासले, तेव्हा त्यांतले ९३ टक्के चुकीचे निघाले. दरम्यान कित्येकांची घरे गेली, काहींनी दिवाळखोरी पत्करली. बाऊसरमन खटल्यात मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली मान्य केले की अशा घटनात्मक हक्कभंगासाठी राज्याकडून नुकसानभरपाई मागता येते, आणि त्याच वर्षी राज्याने दोन कोटी डॉलरांची तडजोड केली. ऑस्ट्रेलियात ‘रोबोडेट’ने असाच प्रकार केला होता: वर्षाचे उत्पन्न पंधरवड्यांवर सरासरीने वाटून कल्याणभत्ते घेणाऱ्यांवर कर्जे चढवली गेली. तिथल्या शाही आयोगाने २०२३ साली त्यावर कठोर शब्दांत अहवाल दिला.

यावर एक गंभीर हरकत घेतली जाते. फसवणूक खरी आहे, आणि थोडीथोडकी नाही. करोनाच्या काळात बेरोजगारी भत्त्यांत १०० ते १३५ अब्ज डॉलरांची फसवणूक झाली असावी असा अमेरिकी संसदेच्या लेखा कार्यालयाचा अंदाज आहे. हा करदात्यांचा पैसा. मग नियंत्रण कडक करायला नको का? करायलाच हवे. पण त्या लुटीतला मोठा वाटा दुसऱ्यांची नावे आणि क्रमांक चोरून दावे टाकणाऱ्या टोळ्यांचा होता. असा चोर अपील करून, शपथ घेऊन, आपला आवाज ध्वनिमुद्रित करून उलटतपासणीला उभा राहण्याची शक्यता फार थोडी. नकार मान्य करून तो दुसऱ्या नावाने दावा टाकतो. सुनावणीची दारे अरुंद केल्याने त्याचे काही बिघडत नाही. अडकतो तो ज्याच्याकडे दुसरे नाव नाही. दुसरी हरकत मालकांच्या बाजूची, आणि तीही दुर्लक्ष करण्यासारखी नाही: लहान दुकानदाराला प्रत्येक अपिलासाठी दिवस मोडावा लागतो आणि कर वाढायची भीती असते. हे खरे आहे. पण त्याच सुनावणीत त्याचेही हित आहे, कारण चुकीची मंजुरी झाली तर अपिलाचा हक्क त्यालाही आहे, आणि खरोखर चोरी करणाऱ्या नोकराविरुद्धचा त्याचा पुरावाही तिथेच नीट ऐकला जातो. उरली तिसरी हरकत: सगळेच अपील करू लागले तर यंत्रणा कोलमडेल. या युक्तिवादाचा अर्थ नीट पाहिला तर तो असा होतो की लोकांना हक्क माहीत नाहीत म्हणूनच यंत्रणा चालते. तसे असेल तर दोष अपील करणाऱ्यांचा नाही. पहिल्या निर्णयाच्या वेळी दहा मिनिटांचा एक जास्तीचा फोन, समजेल अशा भाषेतले पत्र आणि पुरेसे सुनावणी अधिकारी यांवर खर्च केला तर अपिले आपोआप कमी होतील.

मुदतीचा प्रश्न तर राज्याराज्यांतल्या तफावतीमुळे अधिकच खुपतो. न्यू यॉर्क आणि कॅलिफोर्नियात अपिलासाठी ३० दिवस मिळतात, फ्लोरिडात २०, टेक्सासमध्ये १४ आणि मॅसॅच्युसेट्समध्ये १०. देशभर पायाभूत असलेली अट एकच, पण हक्क जिवंत राहण्याचा काळ एका राज्यात दुसऱ्याच्या तिप्पट. पत्राला पोहोचायला चार दिवस लागले तर दहाचे सहा उरतात. सबळ कारण दाखवून उशीर माफ होऊ शकतो, पण तेही मागावे लागते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हे लागू आहे, आणि त्यांच्यात एक जास्तीची भीती दिसते: भत्ता घेतला किंवा त्यासाठी भांडलो तर पुढे ग्रीन कार्डच्या वेळी सरकारवर भार म्हणून नोंद होईल. बेरोजगारी विमा हा कामातून कमावलेला लाभ मानला जातो आणि त्या तपासणीत तो विरोधात धरला जात नाही. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची अडचण वेगळी आहे. त्याची परवानगी एका मालकाशी बांधलेली असल्याने ‘कामासाठी उपलब्ध’ या अटीवर दावा बहुधा अडतो. मुदतीकडे परत यायचे तर, महाराष्ट्रात रोजगार हमीशी संबंध आलेल्यांना तारखेचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही. काम मागून १५ दिवसांत मिळाले नाही तर बेकारी भत्ता, ही तरतूद आपल्या १९७७च्या कायद्यात होती आणि २००५च्या केंद्रीय कायद्यातही आली. पण काम मागितल्याची तारखेसह पावती हातात नसेल तर १५ दिवस कधीपासून मोजायचे हेच सिद्ध होत नसे, आणि भत्ता कागदावर राहायचा.

आता त्या मागे ठेवलेल्या मुद्द्याकडे, म्हणजे सुनावणी कधी होते याकडे. केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या पायरीवरच्या अपिलांपैकी किमान ६० टक्के निकाल ३० दिवसांत आणि ८० टक्के ४५ दिवसांत लागले पाहिजेत. करोनानंतरच्या वर्षांत अनेक राज्यांत ही मोजमापे कोसळली आणि लोक महिनोन् महिने थांबले. फ्लोरिडासारख्या राज्यात याचा अर्थ काय होतो ते पाहावे: तिथे भत्त्याची कमाल मर्यादा आठवड्याला २७५ डॉलर, आणि राज्यातली बेकारी कमी असेल तेव्हा तो मिळतो जास्तीत जास्त १२ आठवडे. सुनावणीलाच तीन महिने लागले तर विम्याचा सारा काळ नकाराच्या सावलीत संपून गेलेला असतो, आणि जिंकल्यावर मिळणारे ३,३०० डॉलर तोवर झालेल्या उधारीत जातात. अलाबामातल्या काही बेकार कामगारांनी हाच उशीर न्यायालयात नेला. आमच्या दाव्यांवर लवकर निर्णय द्या, एवढीच त्यांची मागणी होती. राज्याच्या न्यायालयाने सांगितले की आधी कार्यालयातली सगळी अपील प्रक्रिया पूर्ण करा, मग या. प्रक्रिया पूर्ण होत नाही हीच तर तक्रार होती. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी विल्यम्स विरुद्ध रीड या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा निकाल फिरवला: उशिराविरुद्ध दाद मागण्याचा रस्ता राज्याला त्याच उशिराच्या आधाराने बंद करता येणार नाही. किती दिवसांचा उशीर बेकायदा, हे न्यायालयाने ठरवलेले नाही. तो प्रश्न अलाबामातल्या न्यायालयांपुढे परत गेला.